कॅसरोल वरून सोनेरी, तळाला पाणी: हे पाणी येतं कुठून?

तक्रार अशी आहे. ब्रेड, अंडी, दूध, सॉसेज, चीज आणि सफरचंद घालून केलेला नाश्त्याचा गोड-खारा कॅसरोल चार जणांपुरता केला की झकास होतो. वीस-पंचवीस माणसांसाठी केला की फसतो. वरचा थर सोनेरी, कडा खरपूस, वास घरभर. आणि मधला चौकोन उचलला की तळाशी पाणी. ब्रेड खालून गिच्च, प्लेटमध्ये ओघळ, आणि खाणारे भिडस्त असतील तर कडेकडेचं खाऊन मधलं तसंच ठेवतात.

(कॅसरोल म्हणजे इथे पसरट ट्रेमध्ये थर लावून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ. अन्न गरम ठेवायचा डबा नव्हे.)

माझा हा पदार्थ लागोपाठ तीन वेळा असा फसला. प्रत्येक वेळी मी आदल्या वेळची चूक दुरुस्त केली होती, तरी पाणी होतंच. तिसऱ्या वेळी वैतागून ते पाणी चमच्यात घेतलं, उजेडात धरलं, आणि मग लक्षात आलं की पहिल्या खेपेचं पाणी असं नव्हतं. दुसऱ्या खेपेचंही नव्हतं. मी तीन वेगवेगळ्या कारणांना एकच समजून त्यांच्यावर एकच औषध करत होते: अंडी वाढव, दूध कमी कर, अजून थोडा वेळ भाज.

म्हणून आधी एक विनंती. पाककृतीतलं कुठलंही प्रमाण एवढ्यात बदलू नका. पुढच्या वेळी फसला, तर मधला एक तुकडा काढा, ट्रे किंचित कलता करा आणि त्या खड्ड्यात जे जमेल ते चमच्यात घ्या.

चमच्यात काय दिसतं?

दुधट, पिवळसर, जरासं दाट आणि बोटाला चिकटणारं काही असेल, तर ते पाणी नाहीच. ते न थिजलेलं अंडं-दूध आहे, म्हणजे कॅसरोल मध्ये कच्चा आहे. हे चाखून पाहू नका.

पातळ, जवळजवळ पारदर्शक पाणी असेल, आजूबाजूचं अंडं रवाळ, दाणेदार झालं असेल आणि त्याला बारीक भोकं पडली असतील, तर बरोबर उलटं झालंय. कॅसरोल जास्त भाजला गेलाय आणि अंड्याने धरलेलं पाणी सोडून दिलंय.

पातळच, पण तपकिरी झाक असलेलं, गोडसर, फळाचा किंवा कांद्याचा वास येणारं पाणी असेल आणि अंड्याचा भाग मात्र मऊ, नीट लागलेला असेल, तर भाजणं बरोबर झालंय. पाणी फळा-भाजीतून आलंय.

आणि त्या पाण्यावर तेलाचे डोळे तरंगत असतील, तर सॉसेजची चरबी निथळायची राहिली. याचा इलाज एका ओळीत संपतो: सॉसेज मोकळं करून पूर्ण परता, चाळणीत किंवा कागदावर निथळू द्या, गार करा आणि मगच मिसळा. गरम सॉसेज कच्च्या अंड्यात घालून रात्रभर ठेवणं सुरक्षितही नाही.

बाकीच्या तिघांना जरा वेळ द्यावा लागतो.

दुधट पाणी: ट्रेची खोली नडते

माझी पहिली खेप. माणसं २४, पाककृती १२ जणांची. सगळं दुप्पट केलं आणि घरातल्या सर्वात मोठ्या, खोल ट्रेमध्ये ओतलं. थर जवळपास ९ सेंटीमीटर झाला. पाककृतीत ५५ मिनिटं लिहिली होती, मी उदार होऊन ७० दिली. वरून इतका सुरेख रंग आला की आत काही बिघडलं असेल अशी शंकाही आली नाही.

वस्तुमान दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट लागेल, असा आपला अंदाज असतो. ओव्हनची उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ वजनापेक्षा जाडीवर अवलंबून असतो, आणि तोही साध्या पटीत वाढत नाही. जाडी दुप्पट झाली तर हा वेळ चौपटीच्या जवळ जातो. तेवढा वेळ भाजायचं ठरवलं तर मध्य लागेपर्यंत कडांचं चामडं होतं. म्हणजे खोल ट्रेमध्ये योग्य वेळ अशी नसतेच. कितीही मिनिटं दिली तरी कडा नाहीतर मध्य, दोघांपैकी एक बिघडणार.

उपाय साधा आहे आणि बहुतेकांना तो कटकटीचा वाटतो: दोन ट्रे घ्या. साधारण २३ बाय ३३ सेंटीमीटरचा ट्रे १२ जणांना पुरतो. थर ४ ते ५ सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नका. २४ जणांना दोन ट्रे, ३६ जणांना तीन. दुसरा ट्रे नसेल तर उरलेलं मिश्रण मफिनच्या साच्यांत भरा. ते २०-२५ मिनिटांत होतात, मुलं हातात घेऊन खातात, आणि मध्य कच्चा राहायला त्यांना मध्यच नसतो म्हणा ना.

दोन ट्रे एकाच ओव्हनमध्ये ठेवले की १० ते १५ मिनिटं जास्त लागतात. ट्रे एकमेकांना आणि भिंतींना चिकटू देऊ नका, हवा फिरायला हवी. वर-खाली ठेवावे लागले तर अर्ध्या वेळाने त्यांची अदलाबदल करा आणि दिशाही फिरवा. बहुतेक ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतात.

दुसरी गोष्ट फ्रिजची. रात्रभर भिजवलेला ट्रे सकाळी ४ अंश सेल्सिअसला असतो. पाककृतीतली वेळ बरेचदा ताज्या मिश्रणाची असते, त्यामुळे थंड ट्रेला १५ मिनिटं जास्त लागली तर त्यात वावगं काही नाही. मी ट्रे अर्धा तास आधी बाहेर काढते. त्याहून फार आधी नको. अंडं-दुधाचं कच्चं मिश्रण दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि भर उन्हाळ्यात तर तासाभरातच ते आत जायला हवं. ट्रे काचेचा असेल तर तो थंडगार असताना तापलेल्या ओव्हनमध्ये कधीच ठेवू नका, तडकतो. काच सावकाश तापते आणि एकदा तापली की सावकाश निवते. त्यामुळे काचेच्या ट्रेमध्ये कडा जास्त होण्याची भीती असते, म्हणून तापमान १० अंशांनी उतरवलेलं बरं. गर्दीसाठी मला साधा धातूचा ट्रे जास्त भरवशाचा वाटतो.

तिसरी गोष्ट रंगाची. या पदार्थात गोड आहे, आणि गोडामुळे वरचा थर वेळेआधी रंगतो. मेपल सिरप, मध किंवा ब्राऊन शुगर वर असली की अर्ध्या तासातच सोनेरी रंग चढतो. आत तेव्हा मिश्रण नुकतं कोमट झालेलं असतं. खाऱ्या कॅसरोलमध्ये रंगावरून अंदाज बांधता येतो, गोड-खाऱ्यात तो अंदाज पार चुकतो. म्हणून १७५ अंशांवर पहिली ३० मिनिटं फॉइलने झाकून भाजा, मग फॉइल काढा आणि गोडाचा वरचा थर तेव्हाच घाला. फॉइलची आतली बाजू लोण्याने पुसून घ्या, नाहीतर चीज तिच्याबरोबर निघून येतं.

सुरी खोटं बोलते

मधोमध सुरी खुपसायची, कोरडी निघाली की झालं, हे केकसाठी ठीक आहे. इथे सुरी दोन्ही बाजूंनी फसवते. वितळलेलं चीज पात्याला लागलं की कच्चं वाटतं आणि आपण भाजत बसतो. उलट, सुरी ब्रेडच्या तुकड्यातून वर येताना ब्रेड तिला पुसून काढतो आणि ती कोरडी दिसते. माझी पहिल्या खेपेची सुरी अशीच स्वच्छ निघाली होती.

अन्नाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटतो. टोक ट्रेच्या मध्यावर, थराच्या निम्म्या खोलीत ठेवा. ते तळाला टेकू देऊ नका, नाहीतर ट्रेचंच तापमान दिसेल. अंड्याच्या पदार्थासाठी ७१ अंश सेल्सिअस ही सुरक्षिततेची किमान पातळी मानतात. कॅसरोल मी ७५ ते ७७ अंशांवर बाहेर काढते. बाहेर आल्यावरही आतलं तापमान दोन-तीन अंश चढतं आणि उरलेलं थिजण्याचं काम तेवढ्यात होतं.

थर्मामीटर नसेल तर मध्याकडे बघा. कच्च्या कॅसरोलच्या कडा आधी फुगतात आणि मध्य खोलगट राहतो. मध्यही कडांइतका वर आला, ट्रे हलवल्यावर लाट न येता सगळा थर एकसंध थरथरला, आणि मध्यावर चमच्याची पाठ दाबल्यावर दुधट काही वर आलं नाही, तर काढायला हरकत नाही.

पारदर्शक पाणी: उशिरा येणारी माणसं

दुसऱ्या खेपेला मी सूड घेतल्यासारखा भाजला. दोन ट्रे नव्हतेच, तोच खोल ट्रे, दोन तास. त्यात माणसं उशिरा आली, म्हणून गरम राहावा म्हणून ओव्हन मंद ठेवून ट्रे आतच राहू दिला. तासाभराने काढला तेव्हा तळाशी अर्धा कप स्वच्छ पाणी होतं. मला वाटलं, अजूनही कच्चाच! आणखी वीस मिनिटं भाजला. पाणी वाढलं.

अंड्यातली प्रथिनं तापली की उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात दूध-पाणी अडकून राहतं. यालाच आपण थिजणं म्हणतो. नुसतं अंडं ६२-६५ अंशांपासून घट्ट व्हायला लागतं. दूध आणि साखर मिसळल्यावर ही पातळी वर सरकते, साधारण ८० च्या आसपास. अजून तापवलं की जाळं आवळतं आणि अडकलेलं पाणी पिळून बाहेर पडतं, ओलं फडकं पिळावं तसं. नुसत्या कस्टर्डमध्ये हे ८५ अंशांच्या पुढे होतं. ब्रेडमधल्या स्टार्चमुळे थोडी सवलत मिळते, पण थोडीच. एकदा पिळून निघालेलं पाणी परत आत जात नाही, त्यामुळे असा कॅसरोल आणखी भाजणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

बिनसायीच्या दुधात हे लवकर होतं. साय-चरबी प्रथिनांना एकमेकांना इतकं घट्ट धरू देत नाही. पूर्ण सायीचं दूध घ्या, जमलं तर त्यातलं शंभरेक मिलीलिटर क्रीमने बदला. टोमॅटो किंवा आंबट फळं घातली तर अंडं आणखी कमी तापमानाला फाटतं, म्हणून या ट्रेमध्ये मी टोमॅटो घालतच नाही. बाजूला देते.

अंडी वाढवून पाणी थांबेल, हाही माझाच गैरसमज होता. एक अंडं साधारण २४० मिलीलिटर दूध हलकंसं थिजवू शकतं. कॅसरोलमध्ये आपण एका अंड्यामागे ७०-७५ मिलीलिटर घेतो, म्हणजे अंडी आधीच भरपूर असतात. त्यात आणखी तीन घातली की रबर होतं, आणि जास्त भाजल्यावर पाणी सुटतं ते सुटतंच.

गर्दीतली खरी अडचण गरम ठेवण्याची असते. सगळे एका वेळी जेवायला बसतात तसे नाश्त्याला कधीच बसत नाहीत. ओव्हनच्या ९० किंवा १०० अंशांत तासभर ठेवलेला कॅसरोल भाजलाच जात असतो. कडांना हिरवट-करडी झाकही येते, उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती येते तशीच. त्यापेक्षा ट्रे बाहेर काढा, १५ मिनिटं उघडा विसावू द्या, मग फॉइल लावून जाड टॉवेलात गुंडाळा. पाऊण तास सहज गरम राहतो. अन्न ६० अंशांच्या वर ठेवता येत असेल तरच जास्त वेळ ठेवा, नाहीतर दोन तासांत संपवा किंवा फ्रिजमध्ये टाका. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे दोन्ही ट्रे एका वेळी न भाजता ४० मिनिटांच्या अंतराने आत ढकलणं. पहिली पंगत उठेपर्यंत दुसरा ट्रे वाफाळत येतो.

फळांचं पाणी: साखर रात्रभर काय करते

तिसरी खेप जिव्हारी लागली, कारण त्या वेळी सगळं बरोबर होतं. दोन ट्रे, थर्मामीटर, ७६ अंश. अंडं रेशमासारखं लागलेलं. आणि तरी तळाशी पाणी, या वेळी तपकिरी आणि गोड.

सकाळची घाई नको म्हणून मी सफरचंदाच्या फोडी आदल्या रात्रीच ब्राऊन शुगर आणि दालचिनी लावून थरात पेरल्या होत्या. फळांवर साखर घालून ठेवली की तासाभरात वाडग्यात रस जमतो, हे ठाऊक असूनही ट्रेच्या आत तेच होईल हे डोक्यात आलं नाही. सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणी असतं. कांद्यात ८९, पालक-मशरूममध्ये ९० च्या पुढे. साखर हे पाणी ओढून काढते, मीठही तेच करतं, आणि आठ-दहा तास म्हणजे त्यांना भरपूर वेळ. हे पाणी तळाला उतरतं, तिथलं अंडं-दूध पातळ करतं आणि तो थर मग धड थिजत नाही.

नुसत्या खाऱ्या कॅसरोलमध्ये हा प्रकार कमी होतो, नुसत्या गोडात ब्रेड जास्त असल्याने तो मुरून जातो. गोड-खाऱ्यात फळही आहे, कांदाही आहे, साखरही आहे आणि खारं सॉसेजही. पाणी सुटायला याहून सोयीची जागा नाही.

आता मी असं करते. सफरचंदाच्या सेंटीमीटरभर जाड फोडी लोण्यात मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परतते, कढईत रस उरणार नाही इतक्या. साखर परततानाच घालते, म्हणजे सुटलेलं पाणी तिथेच आटतं. मग पूर्ण गार करते. घट्ट, आंबटगोड जातीचं सफरचंद घ्या. पिठूळ सफरचंदाचा लगदा होतो. कांदा वेगळा परता, तो कडेने तपकिरी होईपर्यंत. मशरूम आधी पाणी सोडतात आणि मग ते पाणी आटतं. पाणी सुटलेलं असताना नव्हे, आटल्यावर गॅस बंद करायचा. पालक वाफवून मुठीत घट्ट पिळायचा. किसलेला बटाटा घालणारे लोक आहेत, त्यांनी तोही फडक्यात पिळावा. फ्रोझन असेल तर आधी वितळू द्यावा आणि मग पिळावा.

बेरी घालायच्या असतील तर त्या रात्री नकोत. सकाळी ट्रे ओव्हनमध्ये जाताना गोठलेल्याच वर पेरा. वितळू दिल्या तर रस आणि रंग दोन्ही पसरतात, आणि ब्लूबेरीच्या रंगाने अंडं काळपट-हिरवं दिसायला लागतं. चवीला काही होत नाही, पण पाहुण्यांना ते कोण सांगत बसणार.

मेपल सिरपचंही एक आहे. ते दाट दिसतं, पण त्यात साधारण एक तृतीयांश पाणीच असतं. १२० मिलीलिटर सिरप मिश्रणात ओतलं की ५० मिलीलिटरच्या आसपास पाणी शिरलं समजा. एका ट्रेला ६० मिलीलिटर पुरे. ज्याला जास्त गोड हवंय तो प्लेटमध्ये वरून ओतून घेईल. तशीही गोडाची आवड वीस माणसांत वीस तऱ्हेची असते.

पाणी नाही, तरी गिच्च

कधीकधी चमच्यात काहीच येत नाही आणि तरी ब्रेड ओल्या पिठासारखा लागतो. हा दोष ब्रेडचा. 'शिळा ब्रेड घ्या' एवढंच लिहून पाककृती मोकळ्या होतात, पण पिशवीत शिळा झालेला ब्रेड कडक लागला तरी कोरडा असेलच असं नाही. शिळं होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, पाणी बरंचसं आतच असतं. आपल्याला खरोखर सुकलेला ब्रेड हवा, म्हणजे तो अंडं-दूध आत ओढून घेईल. अडीच सेंटीमीटरचे तुकडे ट्रेवर एका थरात पसरून १४० अंशांवर १५-२० मिनिटं, मध्ये एकदा हलवून. रंग यायला नको, नुसते टणक व्हायला हवेत. पूर्ण गार झाल्यावर वापरा.

मऊ, पातळ कापलेला सँडविच ब्रेड मात्र सुकवूनही रात्रभर टिकत नाही, विरघळल्यासारखा होतो. तोच हाताशी असेल तर दोन तास भिजवा, रात्रभर नको. घट्ट पोताचा, जाड सालीचा ब्रेड किंवा अंडी-लोणी घातलेला ब्रिओशसारखा ब्रेड आठ ते बारा तास छान मुरतो. याउलट मध्येच कोरडे तुकडे सापडत असतील तर मिश्रण ओतल्यावर तुकडे तळव्याने दाबा, १० मिनिटांनी पुन्हा दाबा, वरचे चार खाली ढकला आणि मगच झाका.

दोन ट्रेचं माप

२४ जणांसाठी, प्रत्येकी एक ऐसपैस चौकोन. सुकवण्याआधी वजन केलेला ब्रेड ८०० ग्रॅम, अंडी १८, सायीचं दूध १.३ लिटर, सॉसेज ९०० ग्रॅम, किसलेलं चीज ४०० ग्रॅम, सफरचंदं चार मोठी, कांदे दोन, मेपल सिरप १२० मिलीलिटर, दोन चमचे मोहरीची पूड, मिरपूड, किंचित जायफळ. हे सगळं दोन ट्रेमध्ये निम्मं निम्मं. वरच्या थरासाठी १०० ग्रॅम ब्राऊन शुगर, ८० ग्रॅम लोणी आणि मूठ-दोन मुठी जाडसर कुटलेले अक्रोड, हे एकत्र चुरून वेगळ्या डब्यात. हा डबा रात्री ट्रेवर रिकामा करायचा मोह आवरा. साखर वरची असली तरी ती रात्रभर खालचं पाणी ओढत राहते आणि सकाळी कुरकुरीत थराऐवजी पाक मिळतो.

मीठ मी यादीत लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. सॉसेज खारट, चीज खारट, ब्रेडमध्येही मीठ. कच्च्या अंड्याचं मिश्रण चाखून अंदाज घेऊ नये, म्हणून एक चमचा मिश्रण छोट्या तव्यावर टाकते, धिरड्यासारखं शिजू देते आणि सॉसेजच्या एका तुकड्याबरोबर खाऊन बघते. नव्वद टक्के वेळा मीठ लागतच नाही. मोहरीची पूड मात्र गाळू नका. तिची चव वेगळी कळत नाही, पण ती नसली की गोड आणि खारं एका ताटात बसूनही अबोला धरल्यासारखं लागतं.

चीजचं म्हणाल तर अर्धं थरांमध्ये, अर्धं फॉइल काढल्यावर. फार जुनं, मुरलेलं चीज तापल्यावर तेल सोडतं, मध्यम मुरलेलं घ्या आणि घरीच किसा.

आदल्या रात्री सुकवणं, परतणं, गार करणं, थर लावणं, मिश्रण ओतणं, दाबणं, झाकून फ्रिज. सकाळी खायच्या वेळेच्या दोन तास आधी ट्रे बाहेर, ओव्हन चालू. अर्ध्या तासाने फॉइलसकट आत. तीस मिनिटांनी फॉइल काढायची, चीज आणि साखर-अक्रोडाचा थर घालायचा, आणखी २५ ते ४० मिनिटं. पंचवीस मिनिटांनंतर थर्मामीटर हातात ठेवा. वरचा थर आधीच गडद झाला तर फॉइल सैलसर परत टाका.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं कोणालाही हात लावू देऊ नका. गरमागरम कापला तर नीट लागलेला कॅसरोलही ओला वाटतो, आणि मग तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल.

आणि पहिला चौकोन नेहमी मधला काढा, तोही स्वयंपाकघरातच, ट्रे टेबलावर जाण्याआधी. आपण सवयीने कोपऱ्यापासून कापत येतो, त्यामुळे मध्य कच्चा आहे हे निम्म्या लोकांचं खाऊन झाल्यावर कळतं. मधल्या चौकोनाच्या जागी दुधट काही जमलं तर तो तुकडा परत बसवा, फॉइल लावा आणि १६० अंशांवर १२-१५ मिनिटं आत ठेवा. पारदर्शक पाणी जमलं तर ओव्हनकडे बघूही नका. ट्रे कलता करून पाणी चमच्याने काढून टाका, चौकोन सुटे करून जाळीवर पाच मिनिटं ठेवा आणि जाळीवरूनच वाढा.